लिस्बनच्या टाइम आउट मार्केटमध्ये पहिल्यांदा जाताय?

आत शिरल्या शिरल्या पहिल्याच काउंटरवर पैसे देऊ नका. काइश दु सोद्रे स्टेशनसमोरच्या जुन्या रिबेइरा मंडईत २०१४ साली हे खाण्याचं मार्केट सुरू झालं. कडेने खाण्याचे काउंटर, मधे लांबच लांब सामायिक टेबलं. आधी एक पूर्ण चक्कर मारा, मग ठरवा. ऐन जेवणाच्या वेळी गेलात तर ताट हातात घेऊन जागा शोधत फिरावं लागतं, म्हणून साडेअकरालाच पोचा. दोघं असाल तर एकाने जागा धरायची, दुसऱ्याने रांगेत उभं राहायचं. आणि प्रत्येक काउंटरवर दोघांत मिळून एकच डिश मागवा, म्हणजे तीन-चार ठिकाणचं चाखून होतं.

शाकाहारी असाल तर काल्दु व्हेर्द विचारल्याशिवाय घेऊ नका. दिसायला पालेभाजी-बटाट्याचं साधं सूप, पण त्यात बहुतेक वेळा डुकराच्या सॉसेजची चकती असते.

पोटात जागा मात्र मांतेगारिया या काउंटरवरच्या पास्तेल द नातासाठी, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डच्या छोट्या टार्टसाठी, ठेवाच (अंडं चालत असेल तर). भट्टीतून नुकताच निघालेला, वर काळपट डाग पडलेला, पहिल्या घासाला पापुद्रे कुरकुरतात आणि आतलं कस्टर्ड जीभ भाजेल इतकं गरम असतं. वर दालचिनी भुरभुरा. बांधून घेऊ नका, तिथेच उभ्याने खा.

सकाळी गेलात तर शेजारच्या भागात मासळी-भाजीची खरी मंडई भरलेली असते. मला तर तीच जास्त आवडते.