गनिमी तुकड्या ओपी (ओव्हरपॉवर्ड, म्हणजे प्रमाणाबाहेर ताकदवान) होऊ नयेत म्हणून काय करायचं?

प्रश्न असा की टर्न-बेस्ड वॉर गेममध्ये घोडदळ आणि गनिमी तुकड्या एकतर अजिंक्य होतात नाहीतर निरुपयोगी, मग बॅलन्स कसा करायचा. आम्ही साताऱ्यात मित्रमित्र मिळून हेक्स (षटकोनी घरांच्या) मॅपवर मराठा-मुघल गेम बनवतोय, तिथं सेम अडकलो होतो.

अटॅक कमी करत बसू नका, त्यांना वेगळं काम द्या. 1695 ला कर्नाटकात दोड्डेरीला संताजी घोरपड्यांनी मुघल सरदार कासिमखानाचा पुढं पाठवलेला तळ लुटला, जाळला आणि मग फौजेची रसदच तोडली, उपासमारीनं खान गढीत अडकला. म्हणजे ताकद समोरासमोर भिडण्यात नाही, रसद मारण्यात आहे, पण तुमच्या गेममध्ये रसदच नसेल तर ही युनिट मोजायची कशात? आधी सप्लाय लाइन आणा राव, अर्धा बॅलन्स तिथंच होतो.

दुसरं झोन ऑफ कंट्रोल, म्हणजे युनिटच्या आजूबाजूची घरं, जिथं शत्रूला अडकून थांबावं लागतं. बॅटल फॉर वेस्नोथ या टर्न-बेस्ड गेममध्ये स्कर्मिशर युनिट शत्रूच्या झोनमधून आरामात निघून जातं, ते द्या, पण त्या बदल्यात जागा धरायची ताकद काढून घ्या, म्हणजे किल्ला किंवा गाव कब्जात घ्यायला पायदळच लागलं पाहिजे. घाटात डिफेन्स बोनस, सपाटीवर नाही. मारून माघार फक्त मूव्ह शिल्लक असेल तरच, आमच्यात सुरुवातीला ही फुकट होती आणि समोरचा प्लेअर अक्षरशः रडकुंडीला यायचा.

आणि लुटीतूनच त्यांचा पगार निघू द्या, नुसतं बसवून ठेवलं की दर टर्नला माणसं गळायला हवीत.