जुन्या ट्रम्पेटचे पिस्टन घरच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये धुतले तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की वडिलांचा ट्रम्पेट बरीच वर्षं पेटीत पडून होता, आता पिस्टन, म्हणजे बोटानं दाबायचे तीन दट्टे, जड चालतात, आतून हिरवट-पांढरा थर दिसतो. दागिने आणि चष्मे धुवायचं अल्ट्रासोनिक मशीन ऑनलाइन मिळतंय, तर ते घेऊन सगळं त्यात टाकावं का, पितळ खराब होईल का.

पिस्टन, टोप्या, निघतात त्या छोट्या स्लाइडी (ओढून बाहेर काढता येणाऱ्या वाकड्या नळ्या) आणि माउथपीस बिनधास्त धुवा. अख्खा ट्रम्पेट घरी त्यात घालायच्या भानगडीत पडू नका.

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत डिझेलचे पार्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे आणि लग्नसराईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. कामावर अल्ट्रासोनिक टाकी रोज डोळ्यांसमोर असते, म्हणून घरी पिस्टन धुवायची कल्पना सुचली. तुम्हाला जवळून बघायचं असेल तर सराफ बाजारात जा. दागिने धुवायला बऱ्याच पेढ्यांवर हे मशीन असतं, ओळख असेल तर तुमचे तीन पिस्टन तिथेच धुऊन मिळतील. एका ट्रम्पेटसाठी मशीन विकत घ्यायची मला तरी गरज वाटत नाही. घरात चार वाद्यं असतील किंवा पथक सांभाळत असाल तर मात्र पैसे वसूल होतात.

मशीन करतं काय, ते आधी समजून घ्या. टाकीच्या तळाशी बसवलेले ट्रान्सड्यूसर साधारण ४० किलोहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरतात. त्यानं पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार होतात आणि लगेच मिटतात. मिटताना जो बारीक फटका बसतो तो मळ उचकटतो. पिस्टनच्या पोटातून जी वाकडी भोकं आरपार गेलेली असतात तिथे ब्रश नीट पोचत नाही, पाणी पोचतं. पहिल्यांदा मी पिस्टन टाकला तेव्हा भोकातून काजळीसारखी काळी रेघ सरळ खाली उतरत गेली, मिनिटभर थांबलीच नाही. त्याच्या आदल्या दिवशी तोच पिस्टन मी ब्रशनं स्वच्छ केला होता.

आता पितळाबद्दल. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ट्रम्पेटच्या साध्या पिवळ्या पितळात जस्त साधारण तीस टक्के असतं, आणि आंबटाशी गाठ पडली की आधी तेच निघून जातं. आपल्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं. तांबट आळीतून आणलेला हंडा चिंचेनं जास्त घासला की गुलाबी दिसायला लागतो. ते गुलाबी म्हणजे उघडं पडलेलं तांबं. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात पिस्टन किंवा स्लाइड विसरलात तर हेच होतं. माझी एक स्लाइड कोमट सायट्रिकच्या पाण्यात जेवण होईपर्यंत राहिली आणि गाजरासारखी निघाली. थर पातळ होता म्हणून पॉलिशनं गेला, पण तेवढं पितळ मी कायमचं घालवलं.

म्हणून आधी मळ कोणता ते बघा. काळा, चिकट, बोटाला लागणारा असेल तर ते जुनं तेल आणि धूळ. त्याला कोमट पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात, आंबट काही घालायचं नाही. पांढरा किंवा हिरवट, नखानं खरवडावा लागणारा थर असेल तर तो खार. श्वासाच्या वाफेचं पाणी, लाळ आणि वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्यानं धुतलेलं, हे सगळं मिळून तो साचतो. साबण त्याला हात लावू शकत नाही. तिथे लिटरभर पाण्यात एक-दोन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड घाला, दोन मिनिटं चालवा, बाहेर काढून बघा, लागलं तर पुन्हा दोन मिनिटं. घड्याळ समोर ठेवा आणि तिथून उठू नका. आधी साबणाचं पाणी, मग आंबट, हाच क्रम, कारण तेलाखालचा खार आंबटाला सापडत नाही.

अमोनिया असलेलं काहीही वापरू नका, काच पुसायच्या काही लिक्विडमध्ये तो असतो. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजांनी पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवली आणि पितळी पुंगळ्यांना आपोआप भेगा पडल्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढून-ताणून घडवलेल्या पितळात अडकलेला ताण, हे कारण १९२१ साली कळलं. ट्रम्पेटची नळीही अशीच ओढून, वाकवून घडवलेली असते.

पेट्रोल, थिनर, रॉकेल टाकीत घालायचं नाही. बँडवाले पिस्टन पेट्रोलनं पुसतात, मी लहानपणापासून बघतोय. पण मशीन तापतं, वाफ होते, आणि शेजारी गॅसची शेगडी असते. हात जोडून सांगतो, हे करू नका.

खोलताना घाई करू नका. तुमच्या कामात खरं कौशल्य इथे लागतं, मशीन तर बटण दाबलं की चालतं. पिस्टनवर बहुतेक वेळा १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, नसतील तर कागदाच्या तीन चिठ्ठ्यांवर ठेवा. पिस्टन आणि त्याचं घर, म्हणजे तो ज्या नळकांड्यात खालीवर होतो ते, यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या घरात वरून गेलेला दिसतो, पण तसा तो चालत नाही. स्प्रिंग, फेल्ट, बुचाचे तुकडे सगळे काढून वाटीत ठेवा. बोटाखालच्या शिंपल्याच्या बटणांकडे नीट बघा. खरा शिंपला असेल तर तो चुन्याच्याच जातीचा असतो, खार विरघळतो तसा तोही विरघळायला लागतो. ती बटणं फिरवून काढा आणि टाकीच्या जवळही नेऊ नका.

एखादी स्लाइड निघत नसेल तर हातोडी, पकड, दोरी, काही नको. सांध्यावर तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी हातानं ओढून बघा. नाही निघाली तर वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. मशीननं अडकलेली स्लाइड सुटते असा माझा अनुभव नाही.

मुलामा निघायला लागला असेल, म्हणजे निकेलच्या कडा उचललेल्या दिसत असतील, तर तो पार्ट मशीनमध्ये नको. बुडबुडे त्या कडेखालीच घुसतात आणि पापुद्रे काढतात. जुन्या तडकलेल्या लॅकरचंही (पितळावरच्या पारदर्शक लेपाचंही) तसंच. आपल्याकडे मेरठची निकेल चढवलेली वाद्यं खूप आहेत, तुमचं त्यातलं असेल तर हे आधी उजेडात बघा. अख्खं वाद्य टाकू नका म्हणालो त्याचं हेही एक कारण. दुसरं असं की जुन्या नळीला आतून बारीक भोक पडलेलं असतं आणि खारानंच ते बुजवलेलं असतं. खार गेला की हवा गळायला लागते.

मशीन घ्यायचंच असेल तर स्टीलच्या टाकीचं, दोन-तीन लिटरचं, हीटर असलेलं घ्या. चष्म्याच्या छोट्या डबीत पिस्टन कसाबसा मावतो, स्लाइड मावत नाही. पाणी चाळीस-पन्नास अंशांवर ठेवा आणि पार्ट न टाकता आधी पाच मिनिटं चालवा, म्हणजे पाण्यातली हवा निघून जाते. मशीन काम करतंय की नुसतं गुणगुणतंय ते बघायला किचनमधल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा उभा धरून मिनिटभर बुडवा, फक्त बोटं पाण्याबाहेर ठेवा. चाळणीसारखी बारीक भोकं पडली तर मशीन ठीक. पार्ट जाळीत ठेवा, तळाला टेकवू नका, एकमेकांवर आपटतील असे टाकू नका. पाण्याशिवाय टाकी चालवू नका.

धुऊन झालं की नळाच्या पाण्यानं (आमच्याकडे ते गंगापूर धरणाचं) भरपूर धुवा, बोअरचं पाणी इथे टाळा, वाळताना तेच डाग पुन्हा पडतील. आंबट पाणी वापरलं असेल तर त्यानंतर एकदा साबणाच्या पाण्यातूनही काढा. टाकीतलं निळसर पाणी कुंडीत ओतू नका, त्यात तांबं उतरलेलं असतं. स्वयंपाकाचं भांडंही या कामात घ्यायचं नाही.

मऊ सुती कापडानं पुसा आणि पिस्टनला लगेच व्हॉल्व्ह ऑइल, म्हणजे पिस्टनसाठीचं पातळ तेल, लावा, कोरडा पिस्टन एकदाही खालीवर करू नका. आमच्याकडे काहीजण खोबरेल लावतात. उन्हाळ्यात निभावतं, पण डिसेंबरात नाशिकच्या थंडीत पहाटेच्या वरातीला ते बाटलीत गोठतं तसंच पिस्टनवरही गोठतं. स्लाइडींना व्हॅसलीन चालेल. आणि रंगपंचमीला रहाडीच्या (रंगाच्या हौदाच्या) आसपास वाजवलं असेल तर त्याच रात्री पिस्टन काढून धुवा, रंगाचा कण फटीत राहिला तर पॉलिश पेपरसारखा घासतो.

सगळं जोडल्यावर एक करून बघा. पहिला पिस्टन न दाबता त्याची स्लाइड थोडी बाहेर ओढा आणि मग पिस्टन दाबा. टप्पकन आवाज आला तर पिस्टन अजून हवा धरून आहे, तुमचं काम झालं. आवाजच आला नाही तर पिस्टन झिजलाय, तो कितीही धुतला तरी भरून येणार नाही. त्याला पुन्हा मुलामा चढवून घराच्या मापाला बसवावा लागतो आणि ते घरचं काम नाही. आवाज कसा आला ते इथे लिहा, मी बघतो.