एकच अ‍ॅप, पण प्रत्येक वापरकर्त्याला वेगळी थीम: कसं करायचं?

तुमचं एकच वेब अ‍ॅप दहा-बारा पतसंस्था वापरतात, प्रत्येकीला आपले रंग हवेत, वर कर्मचाऱ्यांना डार्क मोडही हवाय, आणि त्यासाठी दर संस्थेची वेगळी सीएसएस फाइल (पानाचं रंगरूप ठरवणारी) करावी का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. मी अशाच एका अ‍ॅपवर काम केलंय आणि सुरुवात वेगळ्या फाइलींनीच केली होती. चौथ्या संस्थेपर्यंत जेमतेम तग धरला. नंतर एक साधं बटण हलवायचं तरी चार ठिकाणी हात लावायला लागायचा.

त्याऐवजी सीएसएस व्हेरिएबल वापरा, म्हणजे रंगाला एक नाव द्या आणि सगळीकडे तेच नाव लिहा. सास (Sass) या सीएसएस तयार करून देणाऱ्या भाषेतही व्हेरिएबल असतात, पण ते बिल्ड करताना, म्हणजे सीएसएस तयार होतानाच संपतात, ब्राउझरकडे फक्त पक्का रंग जातो. सीएसएसचे व्हेरिएबल मात्र पान उघडं असतानाही जिवंत असतात. एचटीएमएलच्या मूळ टॅगवर एक अ‍ॅट्रिब्यूट बदललं की अख्खं पान रिफ्रेश न होता रंग बदलतं. 2017 पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत ही सोय आहे.

खरी मेहनत नावं ठेवण्यात आहे. व्हेरिएबलला ‘निळा’ म्हणू नका. दुसऱ्या संस्थेचा रंग हळदी निघाला की ‘निळा’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये पिवळा बसतो आणि सहा महिन्यांनी तो कोड वाचणारा डोकं धरून बसतो. ‘मुख्य बटणाची पार्श्वभूमी’, ‘त्यावरचा मजकूर’, ‘कार्डाची कडा’ अशी कामावरून नावं द्या. आणि थकबाकीचा लाल, भरणा झाल्याचा हिरवा हे रंग संस्थेच्या हाती अजिबात देऊ नका. ते सजावटीचे नाहीत, त्यांना अर्थ आहे. संस्थेचा रंगच लाल असेल तर ‘जतन करा’ आणि ‘खातं बंद करा’ ही दोन बटणं शेजारीशेजारी सारखी दिसणार नाहीत, एवढं पाहा.

डेटाबेसमध्ये दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. संस्थेच्या टेबलात तिचे रंग, वापरकर्त्याच्या टेबलात उजळ की गडद. या दुसऱ्या कॉलमला तिसरा पर्यायही लागतो: ‘फोन किंवा संगणक सांगेल तसं’. तो निवडला असेल तर तेवढंच साठवा. त्या क्षणी यंत्रात डार्क मोड चालू होता म्हणून ‘गडद’ लिहून ठेवलंत, तर सकाळी यंत्र उजळ झालं तरी तुमचं अ‍ॅप काळंच राहील.

आता तो पांढरा झपका. डार्क मोड निवडलेला माणूस पान उघडतो, क्षणभर पांढराशुभ्र पडदा येतो, मग काळा होतो. रात्री अंधाऱ्या खोलीत ते डोळ्यांना खरंच बोचतं. थीम जावास्क्रिप्टने, तीही सगळं लोड झाल्यावर लावली की हे होतं. निवड कुकीमध्येही (ब्राउझर साठवतो आणि दर वेळी सर्व्हरला पाठवतो त्या छोट्या नोंदीत) ठेवा, म्हणजे सर्व्हर पहिल्याच उत्तरात योग्य अ‍ॅट्रिब्यूट लिहून पाठवेल आणि लॉगिनच्या पानावरही तीच थीम दिसेल. पान स्थिर असेल, म्हणजे सर्व्हर सगळ्यांना तयार फाइल तशीच पाठवत असेल, तर हेडमध्ये, स्टाइलशीटच्याही आधी, ती निवड वाचून थीम लावणारी दोन-तीन ओळींची स्क्रिप्ट टाका. सर्व्हरपुढे सामायिक कॅश (एकदा बनलेलं पान साठवून सगळ्यांना तेच देणारी) असेल तर मात्र ही पानं तिच्यात साठू देऊ नका, नाहीतर एकाचे रंग दुसऱ्याला दिसतील.

रंग निवडायची मुभा दिलीत की वाचता येण्याची जबाबदारी तुमची. एका संस्थेने भगवा निवडला आणि आमच्या बटणांवरची अक्षरं सगळीकडे पांढरीच होती. काउंटरवरच्या ताई खिडकीतून ऊन आलं की पडद्यावर हाताची सावली धरून बटण वाचायच्या. ते पाहिल्यावर मी हिशेब केला. नेहमीच्या भगव्यावर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर) जेमतेम 2.1 येतो, काळ्यांचा जवळपास 9.9. डब्ल्यूसीएजी या वेब सर्वांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान 4.5 लागतो. तेव्हापासून अक्षरांचा रंग आम्ही कुणाला निवडूच देत नाही. पार्श्वभूमीचा रंग जतन होताना पांढरा आणि काळा, दोन्हींचा कॉन्ट्रास्ट काढतो आणि जास्त येईल तो लावतो. दोहोंपैकी एक नेहमीच 4.5 च्या वर असतो, त्यामुळे कुठल्याही संस्थेला नाही म्हणायची वेळ येत नाही.

तिथेच आणखी एक तपासणी हवी. रंग म्हणून आलेला मजकूर हॅश (#) आणि सहा हेक्स अंक (0 ते 9, ए ते एफ) एवढाच असेल तरच घ्या. तसाच उचलून स्टाइल टॅगमध्ये ओतलात तर कुणीही त्यातून हवं ते सीएसएस घुसवू शकतो.

गडद थीममध्ये ‘कलर-स्कीम’ ही प्रॉपर्टीही ‘डार्क’ करा, नाहीतर स्क्रोलबार आणि तारीख निवडायचा चौकोन पांढरेच राहतात. पावती छापताना मात्र प्रिंटच्या नियमात उजळ रंग सक्तीने लावा.

सुरुवात आज करायची असेल तर सगळ्या कोडमध्ये हॅशने सुरू होणारे रंग शोधा आणि एकेक यादीत घ्या. आमच्याकडे राखाडीच्याच सतरा छटा निघाल्या होत्या, पैकी चार पुरल्या. ही यादी आवरेपर्यंत थीम बदलायचं बटण पडद्यावर आणू नका.