फौजी माणूस अन् पुस्तकांची कपाटं

प्रश्न: अठरा वर्षं फौजेत नोकरी करून मागच्या वर्षी गावी आलो. ग्रामपंचायतीच्या खोलीत वाचनालय आहे, दोन कपाटं, हजारेक पुस्तकं अन् जुन्या मासिकांचे गठ्ठे, अर्ध्यायले उधई लागली. कोणी पाहाले तयार नव्हतं म्हणून मी हो म्हटलं. आता लोक म्हणतेत, बंदूक धरनाऱ्याले पुस्तकातलं काय समजते? फौजेतल्या कोणी असं काम केलं आहे का? अन् मी सुरुवात कुठून करू?
(एक माजी सैनिक, दारव्हा तालुका)

उत्तर: भाऊ, केलंय, आणि असं केलंय की आजही जगभरचे डॉक्टर त्याच्यावर चालतात.

जॉन शॉ बिलिंग्ज, जन्म १८३८, अमेरिकन लष्करातले सर्जन. तिकडच्या यादवी युद्धात, गेटिसबर्गच्या लढाईतसुद्धा, जखमींवर ऑपरेशनं केली. पण ग्रंथालयाचं वेड त्याच्याही आधीचं, कॉलेजात असताना फेफऱ्यावरच्या शस्त्रक्रियेवर प्रबंध लिहायचा होता आणि त्यासाठी लागणारी पुस्तकं कुठल्या लायब्ररीत आहेत हेच कळेना, महिनोन् महिने त्यात गेले. ती तडफड हा माणूस विसरला नाही.

१८६५ ला युद्ध संपलं आणि लष्कराच्या सर्जन जनरलच्या ऑफिसातलं छोटंसं ग्रंथालय त्यांच्याकडे आलं, दोनेक हजार पुस्तकं असतील. बंद झालेल्या लष्करी दवाखान्यांचे उरलेले ८०,००० च्या आसपास डॉलर होते, ते पुस्तकांवर लावले. जागा कोणती मिळाली माहितीय? लिंकनना जिथे गोळी घातली ते फोर्ड थिएटर! तिथे वीस वर्षं हे ग्रंथालय होतं.

पण खरं काम पुढे आहे राजेहो. नुसती पुस्तकं जमवून भागत नाही, आतला लेख सापडला पाहिजे, म्हणून हा माणूस रोज संध्याकाळी वैद्यकीय मासिकांचे गठ्ठे घरी न्यायचा, रात्री बसून लेखांवर खुणा करायचा आणि दुसऱ्या दिवशी कारकून ते कार्डांवर उतरवायचे. लेखक आणि विषय एकाच अकारविल्हे क्रमात. त्यातून १८८० पासून १६ खंडांची सूची निघाली, आणि १८७९ ला नव्या वैद्यकीय लेखांची यादी देणारं ‘इंडेक्स मेडिकस’ हे मासिक सुरू झालं, ज्याच्या वंशातलं पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायची वेबसाइट, आज तुमच्या तालुक्यातला डॉक्टरही मोबाईलवर उघडू शकतो. १८९५ मध्ये फौज सोडली तेव्हा एक लाखाच्या वर पुस्तकं झाली होती. मग न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे पहिले संचालक. तिथल्या इमारतीचा कच्चा आराखडा त्यांनी स्वतः काढून दिला, खाली सात मजले पुस्तकं आणि त्यांच्या डोक्यावर वाचनाची मोठी खोली. १९११ ला ती उघडली, १९१३ ला ते गेले.

मला विचाराल तर त्यांची खरी ताकद फौजेतली सवय होती, रोजचं काम रोज आणि प्रत्येक वस्तूची नोंद. ती तुमच्याजवळ आहेच. कोठ्यातला माल मोजून घेतला असेल ना, तसंच हे.

आधी उधई लागलेली पुस्तकं वेगळी काढा, चांगल्यांजवळ ठेवू नका, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. मग दाखल नोंदवही, एकेक पुस्तक, एकेक नंबर. शासनमान्यतेसाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटा, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अगदी लहान वाचनालयांसाठी ‘ड’ वर्ग आहे, पण वही तयार झाल्यावरच जा.

आणि ते मासिकांचे गठ्ठे रद्दीत देऊ नका! त्यात शेतीचे अंक असणारच. एकेक उघडा, पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर लिहा: ‘बोंडअळी, कामगंध सापळे’, खाली मासिकाचं नाव, महिना, पान. ‘संत्रा, फळगळ’ असं दुसरं. कपाशी ऐन बोंडावर असताना एखादा शेतकरी दारात येऊन विचारेल आणि तुम्ही दोन मिनिटांत पान उघडून त्याच्या हातात द्याल, तेव्हा बंदूकवाल्याला काय समजतं हे गावाला आपोआप दिसेल. पहिली शंभर कार्डं झाली की कळवा, वाट पाहतेय.