निरीक्षक येऊन गेले, शेरा आला 'उल्लंघन आढळले नाही'. आता पुढे काय?

तुमची हकिकत थोडक्यात अशी: कागदावर आठ तासांची ड्युटी, प्रत्यक्षात अकरा-बारा तास काम, जादा तासांचा पैसा नाही. तुम्ही काही जणांनी मिळून कामगार खात्याकडे तक्रार केली. निरीक्षक आले, हजेरीपट पाहिला आणि उल्लंघन आढळले नाही असा शेरा मारून गेले. सरकारला अंमलबजावणी करायचीच नसेल तर कायदे हवेत कशाला, असं तुम्ही विचारलंय.

त्याकडे वळण्याआधी एक गोष्ट. तुम्ही जाता जाता लिहिलंय की रात्रपाळीत मागच्या जिन्याचं दार कुलूप लावून ठेवतात. त्याची तक्रार आजच्या आज, वेगळी आणि लेखी करा. अग्निशमन विभागालाही कळवा. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागली आणि १४६ माणसं गेली. नवव्या मजल्यावर बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. तासांच्या तक्रारीला पुरावा गोळा करायला वेळ लागेल, पण कुलूप निरीक्षकाला डोळ्यांनी दिसतं. कामगारांच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर तिथल्या तिथे आदेश काढण्याचा किंवा तसा आदेश मागण्याचा अधिकार निरीक्षकाला असावा, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९४७ चा ८१ क्रमांकाचा करारच सांगतो.

आता तासांचं. कामगारांच्या तक्रारी लिहून देणं, सुनावणीला सोबत जाणं हे काम मी बरीच वर्षं केलंय. असा शेरा आला की निरीक्षक मॅनेज झाला असं आपण धरून चालतो. तसं होतही असेल, पण मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारी पडल्या त्या पुराव्यावर. भेटीच्या दिवशी निरीक्षकाच्या हाताला काय लागतं यावर सगळं ठरतं, आणि ते कागद बहुतेक मालकाच्याच ताब्यात असतात.

ही अडचण कारखाना कायद्यांइतकीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये १८०२ साली सूतगिरण्यांतल्या शिकाऊ मुलांसाठी कायदा झाला, पण देखरेख स्थानिक न्यायाधीशांनी नेमलेल्या, अधूनमधून भेट देणाऱ्या तपासनिसांवर सोडली आणि तो कागदावरच राहिला. १८३३ मध्ये पहिल्यांदा पगारी निरीक्षक आले, अख्ख्या देशाला चार. नऊ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत बंदी झाली. पण जन्मनोंदणी सुरू व्हायची होती १८३७ मध्ये, त्यामुळे मूल नऊ वर्षांचं आहे की नाही हे डॉक्टर त्याच्या अंगकाठीवरून ठरवत! पुढे स्त्रिया आणि किशोरवयीन मुलांचे तास दहावर आणले, तेव्हा काही मालकांनी तुकड्यांची पद्धत काढली. पहाटेपासून रात्रीपर्यंत माणसं आळीपाळीने आत-बाहेर फिरवायची. निरीक्षक कधीही आला तरी कोणाचे किती तास भरले हे त्याला सांगता येत नसे. लिओनार्ड हॉर्नर हे निरीक्षक या पद्धतीशी वर्षानुवर्षं झगडले. १८५० मध्ये न्यायालयाने ती पद्धत कायद्यात बसते असं ठरवलं, म्हणून त्याच वर्षी कायदा बदलला: काम फक्त सहा ते सहा किंवा सात ते सात याच वेळेत. त्यानंतर संध्याकाळी साडेसातला एखादी बाई यंत्रावर दिसली की गुन्हा उघड होता. हिशेब मांडायची गरजच उरली नाही. ज्याची तपासणी करता येते तोच नियम पाळला जातो, हे मी या प्रकरणातून शिकलो.

म्हणून तुमच्या हजेरीपटाकडे बघा. तुम्ही लिहिलंय की त्यात महिनाभर सगळ्यांची येण्याची वेळ नऊ आणि जाण्याची सहा आहे. पन्नास माणसं रोज एकाच मिनिटाला आत येत नाहीत आणि एकाच मिनिटाला बाहेर पडत नाहीत. तो हजेरीपट खोटा असल्याचा पुरावा त्याच्यातच आहे, फक्त कोणीतरी त्यावर बोट ठेवायला हवं. पुढच्या अर्जात नेमकं हेच लिहा.

सोबत स्वतःची नोंद जोडा. रोजच्या रोज, त्याच दिवशी: किती वाजता आलो, जेवणाची सुट्टी किती मिळाली, किती वाजता सुटलो, शेवटचं काम कोणतं केलं. महिनाअखेरीस आठवून लिहिलेल्या वहीला वजन नसतं. रात्री साडेआठला सुपरवायझरचा 'लॉट संपवूनच जा' असा मेसेज आला असेल, तर तो त्या तारखेसमोर लावा. पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. कंपनीची गुप्त कागदपत्रं मात्र उचलू नका. त्यातून तुमच्यावरच केस उभी राहते.

अशा वहीला अर्थ आहे का, अशी शंका तुमच्या सहकाऱ्याने काढली होती. अमेरिकेत माउंट क्लेमेन्स पॉटरी या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्येच सांगितलं की नोंदी ठेवायची जबाबदारी मालकाची. त्याने त्या नीट ठेवल्या नसतील तर कामगाराला मिनिटामिनिटाचा हिशेब द्यावा लागत नाही, वाजवी अंदाज बांधता येईल इतका पुरावा पुरतो. मग तो खोडून काढायचं काम मालकाचं. युरोपियन युनियनच्या न्यायालयानेही मे २०१९ मध्ये, रोजचे तास मोजणारी विश्वासार्ह व्यवस्था मालकांना ठेवायला लावा, असं सदस्य देशांना बजावलं. देशागणिक नियम वेगळे आहेत, पण या दोन्ही निकालांचा रोख एकच आहे.

तक्रारीच्या भाषेबद्दलही बोलायला हवं. 'आमची पिळवणूक होते' हे खरं असलं तरी निरीक्षकाला त्यावरून तपासायला काही मिळत नाही. 'सहा वाजता पंच करायला लावतात आणि परत लाइनवर पाठवतात, सोमवार ते शुक्रवार रात्री आठनंतर लाइन चालू असते' असं लिहा. म्हणजे कधी यायचं आणि काय बघायचं हे त्याला कळतं. ८१ क्रमांकाच्या करारानुसार निरीक्षकाला दिवसा वा रात्री कधीही, आगाऊ सूचना न देता आत शिरता येतं आणि कामगारांना एकटं बाजूला घेऊन विचारताही येतं. मॅनेजर शेजारी उभा असताना 'काही त्रास आहे का?' असं विचारलं तर कोण तोंड उघडणार? जबाब खाजगीत घ्यावेत, ही मागणी अर्जात स्पष्ट करा.

तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवणं आणि भेट तक्रारीमुळे झाली हेही मालकाला न सांगणं, हे त्याच करारात आहे. तरी काळजी घ्या. फक्त एकालाच माहीत असलेला तपशील लिहिला तर नाव न घेताही माणूस ओळखला जातो. तक्रारीनंतर अचानक बदली, मेमो किंवा वाईट शेरे सुरू झाले तर त्यांच्या तारखाच तुमच्या कामी येतील. आधीची चांगली मूल्यमापनं आत्ताच घरी नेऊन ठेवा.

निरीक्षक कमी पडतात हेही खरं. विकसित औद्योगिक देशांत दहा हजार कामगारांमागे एक निरीक्षक असावा आणि सर्वांत मागास देशांत चाळीस हजारांमागे एक, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ढोबळ निकष आहे. म्हणजे निकष पाळला तरी एकेकाच्या वाट्याला किती माणसं येतात बघा. म्हणून एकेकट्याने सुटे अर्ज देण्यापेक्षा सगळ्यांच्या वह्या एकत्र जोडून एकच अर्ज द्या.

पहिल्या शेऱ्याची प्रत लेखी मागा. कोणते कागद पाहिले, किती जणांचे जबाब घेतले हे त्यात नसेल, तर तेवढ्याच मुद्द्यावर वरिष्ठांकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो. आणि मुदत बघून ठेवा. थकीत वेतनाच्या दाव्याला बहुतेक ठिकाणी कालमर्यादा असते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ती दोन वर्षं आहे, मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर तीन. फेरतपासणीचा अर्ज पडून आहे म्हणून दाव्याची मुदत थांबेल असं गृहीत धरू नका. दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू करा.