स्नोमेड सीटीच्या झिपमध्ये एवढ्या टेक्स्ट फायली आहेत, हॉस्पिटल सॉफ्टवेअरसाठी नक्की कुठल्या घ्यायच्या?

तुमचा प्रश्न मला असा कळला: स्नोमेड सीटीचं (रोग, लक्षणं, औषधं यांना कोड देणारी आंतरराष्ट्रीय यादी) लायसन घेऊन झिप उतरवली, आत फुल आणि स्नॅपशॉट असे फोल्डर, प्रत्येकात लांबलचक नावांच्या टेक्स्ट फायली, आणि तुम्हाला फक्त एवढंच हवंय की ओपीडीत डॉक्टरांनी दोन-चार अक्षरं टाकली की निदान समोर यावं. मी सोलापुरात हॉस्पिटलांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या टीममध्ये आहे, हे काम रोजचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्नॅपशॉट फोल्डर उघडा आणि चार फायली घ्या. टर्मिनॉलॉजीमधून कन्सेप्ट (प्रत्येक रोगाचा वगैरे कोड), डिस्क्रिप्शन (त्या कोडची नावं) आणि रिलेशनशिप (कोडांमधली नाती), रेफसेटमधून (संदर्भ याद्या) लँग्वेज. बाकीच्यांना आत्ता हात लावू नका, सगळ्या एकदम समजून घ्यायला गेलं की माणूस आठवडाभर कॉलमच वाचत बसतो आणि हातात काही पडत नाही.

फुल आणि स्नॅपशॉटचं असंय, की आपल्या मार्केट यार्डातल्या कांद्याच्या अडत्याची रोजकीर्द असते ना, लिहिलेलं कधी खोडायचं नाही, बदल झाला की खाली नवीन तारखेनं नवीन नोंद, तसं फुलमध्ये एकाच आयडीच्या अनेक ओळी असतात आणि स्नॅपशॉटमध्ये प्रत्येक आयडीची फक्त शेवटची ओळ. पण स्नॅपशॉट म्हणजे फक्त चालू असलेलं असं समजू नका. त्याच्यात बंद झालेल्या ओळी पण असतात, ॲक्टिव्ह कॉलममध्ये ० लिहिलेलं असतं. आणि याच्याहून बारीक गोष्ट अशी की कन्सेप्ट बंद झाला तरी त्याची नावं डिस्क्रिप्शन फाईलमध्ये बहुतेक वेळा १ म्हणूनच राहतात. त्यामुळं सर्च लिहिताना नाव पण चालू पाहिजे आणि त्याचा कन्सेप्ट पण चालू पाहिजे, दोन्ही तपासा, नाहीतर डॉक्टर आजच्या तारखेला बंद झालेला कोड निवडून जातील आणि कुणाला कळणारही नाही.

जुन्या ट्युटोरियलमध्ये डेल्टा नावाचा तिसरा फोल्डर दिसेल. २०२२ पासून आंतरराष्ट्रीय रिलीज सहा महिन्याऐवजी दर महिन्याला यायला लागला तेव्हापासून तो पॅकेजमध्ये येत नाही, शोधत बसू नका.

आता आत काय असतंय ते एका उदाहरणानं बघू. कन्सेप्ट फाईलमध्ये पाचच कॉलम आहेत: आयडी, लागू तारीख, ॲक्टिव्ह, मॉड्यूल आणि डेफिनिशन स्टेटस. २२२९८००६ ही ओळ शोधा, त्याच्यात कुठंही रोगाचं नाव नाही, नुसते आकडे. नाव डिस्क्रिप्शन फाईलमध्ये. तिथं कन्सेप्टआयडी कॉलममध्ये २२२९८००६ शोधलं की एकापेक्षा जास्त ओळी मिळतात: मायोकार्डियल इन्फार्क्शन (डिसऑर्डर), मायोकार्डियल इन्फार्क्शन, हार्ट अटॅक वगैरे. कंसात डिसऑर्डर लिहिलेलं ते पूर्ण नाव, त्याचा टाइपआयडी ९०००००००००००००३००१, बाकीचे सिनोनिम, त्यांचा ९००००००००००००१३००९. स्क्रीनवर ते कंसवालं नाव दाखवू नका, डॉक्टर वैतागतात.

मग सिनोनिमांपैकी दाखवायचं कुठलं? तर त्यासाठी लँग्वेज रेफसेट. बरेच जण ही फाईल सोडूनच देतात आणि दिसेल ते पहिलं नाव उचलतात, ते मला अजिबात पटत नाही. २७१७३७००० घ्या, रक्त कमी असण्याचा म्हणजे ॲनिमियाचा कोड. त्याच्यात अमेरिकन स्पेलिंगचं पण नाव आहे आणि ब्रिटिश स्पेलिंगचं पण. आपल्याकडचे डॉक्टर ब्रिटिश स्पेलिंगनं टाइप करतात, तर रेफसेटआयडी ९०००००००००००५०८००४ असलेल्या ओळी घ्यायच्या (अमेरिकन वाल्या ९०००००००००००५०९००७) आणि त्यात ॲक्सेप्टेबिलिटी ९०००००००००००५४८००७ (म्हणजे पसंतीचं नाव) असेल ते नाव दाखवायचं. शोधायला मात्र सगळे सिनोनिम चालू ठेवा.

आता हे अठरा आकडी नंबर बघितलेत ना, इथंच सगळ्यात जास्त वाट लागते. फाईल चुकूनही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच खरं धरतो, पुढचे शून्य करतो, म्हणजे शेवटचा ३००१ होतो ३०००, आणि तुमचं एकही पूर्ण नाव परत जुळत नाही. जावास्क्रिप्टमध्ये पण नंबर म्हणून घेतला की मोठे आयडी बिघडतात. टेक्स्ट म्हणून ठेवा किंवा डेटाबेसमध्ये ६४ बिटचा इंटिजर. शेवटचा आकडा चेक डिजिट असतोय आणि त्याच्या आधीचे दोन आकडे सांगतात की हा आयडी कशाचा: ०० कन्सेप्ट, ०१ डिस्क्रिप्शन, ०२ रिलेशनशिप, आणि देशाच्या किंवा संस्थेच्या एक्स्टेन्शनमधले (मूळ यादीला जोडलेली वेगळी यादी) असतील तर १०, ११, १२. २२२९८००६ मध्ये बघा, शेवटचा ६, आधी ००. चुकीचा आयडी चुकीच्या टेबलात गेलाय का हे नुसत्या नजरेनं कळतं.

इंपोर्ट करताना अजून दोन गोष्टी. कॉलम टॅबनं वेगळे आहेत आणि कोटेशन मार्कला काही खास अर्थ नाही, तो नावाचाच भाग असू शकतो, म्हणून पायथनच्या पांडाज लायब्ररीनं वाचत असाल तर कोटिंग बंद करा आणि सगळे कॉलम स्ट्रिंग ठेवा. दुसरं म्हणजे ओळ विंडोज पद्धतीनं संपते, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड दोन्ही. लिनक्सवर लोड करताना हे सांगितलं नाही तर तो न दिसणारा कॅरेज रिटर्न शेवटच्या कॉलमला चिकटून आत जातो. लँग्वेज फाईलमध्ये शेवटचा कॉलम कुठला, तर ॲक्सेप्टेबिलिटी! मग क्वेरी बरोबर, डेटा डोळ्याला बरोबर, आणि उत्तर शून्य ओळी.

रिलेशनशिप फाईल कशाला लागते ते रिपोर्टच्या वेळी कळतं. समजा कार्डिओलॉजीवाले म्हणाले, या वर्षी हार्ट अटॅकचे पेशंट किती ते द्या. नुसतं २२२९८००६ शोधलं तर आकडा फारच कमी येणार, कारण डॉक्टरांनी नेमकं निदान निवडलेलं असतंय, कुणी ५७०५४००५ म्हणजे ॲक्यूट, कुणी ७३७९५००२ म्हणजे इन्फिरिअर वॉलचा. हे सगळे ११६६८०००३ या इज-अ (म्हणजे 'हा त्याचाच एक प्रकार') नात्यानं थेट किंवा टप्प्याटप्प्यानं २२२९८००६ ला जोडलेले आहेत. एका कन्सेप्टला एकापेक्षा जास्त पालक असू शकतात, त्यामुळं साधा पेरेंटआयडी कॉलम पुरत नाही. चालू असलेल्या इज-अ ओळी घेऊन पूर्वज-वंशज असं वेगळं टेबल एकदाच बनवून ठेवा, रिलीजमध्ये ते तयार मिळत नाही, पण त्यानंतर रिपोर्ट एका जॉइनवर येतो. हे सगळं हातानं करायचं नसेल तर स्नोस्टॉर्म नावाचा ओपन सोर्स सर्व्हर आहे, ही यादी काढणाऱ्या स्नोमेड इंटरनॅशनल संस्थेचाच, तो ही झिप तशीच खातो. पण मी म्हणेन आधी एकदा हातानं करा, मग सर्व्हर काय उत्तर देतोय ते तुम्हाला तपासता येईल.

फायलींच्या नावात आयआयएसएसएससीसी असलं काही दिसलं तर घाबरू नका. आय म्हणजे इंटिजर, एस म्हणजे स्ट्रिंग, सी म्हणजे दुसऱ्या कंपोनंटचा आयडी, म्हणजे नेहमीच्या सहा कॉलमनंतर हे सात कॉलम या क्रमानं येतात. ती एक्स्टेंडेड मॅपची फाईल, स्नोमेडवरून आयसीडी १० ला (जागतिक आरोग्य संघटनेचं रोगांचं वर्गीकरण) जाण्यासाठी. ४४०५४००६, टाइप २ डायबेटीस, तिथं ई११.९ ला जातो. इन्शुरन्सचं काम आलं की ती लागेल.

एक कळकळीनं सांगतो. पेशंटच्या नोंदीत कोड आणि डॉक्टरांनी त्या दिवशी निवडलेलं नाव, दोन्ही साठवा, आणि नवीन रिलीज आला म्हणून जुन्या नोंदी बदलू नका. बंद झालेल्या कोडच्या जागी काय वापरायचं ते असोसिएशन रेफसेटमध्ये असतंय, त्याचा उपयोग शोधताना आणि रिपोर्ट काढताना करा. माणसाच्या केस पेपरवर जे लिहिलं होतं ते तसंच राहिलं पाहिजे.

आपल्या सोलापुरात पूर्व भागातला पेशंट तेलुगूत सांगतो, अक्कलकोटकडचा कन्नडमध्ये, रिसेप्शनवर मराठीत टाइप होतं. असे स्थानिक शब्द सर्चला जोडायचे असतील तर जरूर जोडा, फार उपयोगी पडतं, पण वेगळ्या टेबलात, कन्सेप्टआयडीला लावून. अधिकृत डिस्क्रिप्शन टेबलात मनानं आयडी बनवून घुसवू नका.

लायसनचं तुम्ही केलंयच, बाकीच्यांसाठी लिहितो, भारत २०१४ पासून स्नोमेड इंटरनॅशनलचा सदस्य आहे म्हणून देशात वापरायला पैसे लागत नाहीत, पुण्याच्या सी-डॅकमधलं एनआरसीईएस नावाचं केंद्र हे काम बघतं. औषधांचं भारतीय एक्स्टेन्शन तिथूनच घ्या, पण ते आंतरराष्ट्रीय रिलीजच्या कुठल्या तारखेवर उभं आहे ते मॉड्यूल डिपेंडन्सी फाईलमध्ये बघून तीच तारीख आधी चढवा.

इंपोर्ट झाला की हार्ट अटॅक टाकून २२२९८००६ येतोय का, २७१७३७००० चं ब्रिटिश स्पेलिंग दिसतंय का, आणि ७३७९५००२ चे पूर्वज काढल्यावर शेवटी १३८८७५००५ या मूळ कन्सेप्टपर्यंत पोचतंय का एवढं बघा. कुठं अडलं तर डेटाबेस कुठला आणि लोडची कमांड काय वापरली ते कॉमेंटमध्ये टाका, बघून सांगतो.