घराचा चार्ज

‘मॅडम, मी दिवसभर घरीच राहून राहिलो, पण काम काही दिसून नाही राहिलं. अन् पोरगी तर अंगाला हात लावू देत नाही.’

एप्रिलमधल्या एका दुपारी नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून हे गृहस्थ सांगत होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बुटीबोरीच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला आहेत. पत्नीला बँकेत बढती मिळाली आणि तीन महिने पुण्याला जावं लागलं. लेक दीड वर्षाची. पाळणाघर तिला मानवलं नाही, म्हणून यांनी बिनपगारी रजा टाकली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला निदान १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी कारखान्यातल्या बापासाठी तसा कायदाच नाही. हे मला दरवेळी खुपतं.

तीन आठवड्यांत माणूस खचला होता. काटोलहून आलेली आई म्हणे, ‘बाप माणसानं पोरीची शी धुवावी का?’ शेजारी विचारत, ‘नोकरी सुटली का भाऊ?’ हे टोचत होतंच. पण मी त्यांना आदला दिवस तासातासानं सांगायला लावला, तेव्हा गाठ वेगळीच निघाली. त्या एका दिवसात त्यांनी पुण्याला चौदा फोन केले होते. खिचडीला पाणी किती, निळा फ्रॉक कुठं, आता झोपवू का.

मी विचारलं, ‘शिफ्ट बदलल्यावर आधीच्या माणसाला रात्रभर फोन करता का?’

ते बराच वेळ गप्प राहिले. ‘नाही. लॉगबुक पाहतो, मशीनपाशी जाऊन आवाज ऐकतो.’

घराचा चार्ज त्यांनी घेतलाच नव्हता. पत्नीची ड्यूटी ते तिच्याच पद्धतीनं, भीत भीत ओढत होते, आणि लेकीला ती भीती कळत होती. आम्ही ठरवलं, दिवसाला फोन एकच. बाकी वहीत लिहायचं: किती वाजता झोपली, काय खाल्लं, कशानं रडली.

मोठी लढाई जेवणाची होती. चार घासांनंतर ती तोंड फिरवायची, मग मोबाईल दाखवून भरवणं चालायचं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या जवळपास तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग मंदावतो, तशी भूकही कमी होते. ती बापाला नाकारत नव्हती, तिचं पोट भरलेलं असायचं. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय. मोबाईल बंद केल्यावर दोन दिवस फार रडारड झाली, तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं भात सांडत सांडत खाल्ला.

रात्रीचा व्हिडिओ कॉलही आम्ही सकाळी हलवला. झोपेच्या तोंडावर आई दिसायची आणि नाहीशी व्हायची. या वयात आई नजरेआड झाली की जीव घाबरतोच, त्यात थकलेलं मूल.

दहा वाजल्यानंतर नागपूरचं ऊन बाहेर पडू देत नाही. वहीत एक नोंद वारंवार येऊ लागली: ‘कूलर.’ प्लग काढून ते कूलरमध्ये पाणी भरत आणि लेक शेजारी बसून पेल्यानं बादलीतलं पाणी टबात ओतत राही. अर्धा तास, न रडता. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पुण्याहूनही नाही. ते पान त्यांनी मला दोनदा दाखवलं.

झोप आणि चिडचिड यांबद्दल मी दरवेळी विचारत होते. घरी बसलेल्या कुणाचंही मन सलग दोन आठवडे उदास राहिलं, कशातच रस वाटेना, तर डॉक्टरांना भेटावं किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा. त्यांना ती गरज पडली नाही.

जुलैत पत्नी परतली. तिला एका दिवसात सगळं हाती घ्यायचं होतं. मी दोघांना एकत्र बोलावलं. आंघोळ आणि रात्रीचं जेवण बाबांकडेच राहील, असं ठरलं. आता आई न्हाणीघरात शिरली की लेक दाराकडे बघून ‘बाबा’ म्हणते. पत्नीला ते लागतं. त्यावर आम्ही पुढच्या शनिवारी बोलणार आहोत.